मागे कोण बसतं?

मल्हारी गेल्याची बातमी आली, तेव्हा मी त्याचं काम पुसून टाकायला निघालो होतो. हे एवढं एक वाक्य लिहायला मला दीड महिना लागला... आधी वाटलं होतं, पुरवणीतल्या लेखात चार गोड प्रसंग सांगावेत, हात जोडावेत आणि मोकळं व्हावं. पण मल्हारीला ओळखणारी माणसं जालन्यापासून परतूरपर्यंत पसरलेली आहेत, आणि शेवटची चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ सगळ्यांनी उघडी पाहिलेली आहे. तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

त्या दिवशी सकाळी मी औरंगाबादला गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बसलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं, "सर, तुमच्या गाडीसाठी नवीन सॉफ्टवेअर आलंय. फुकट आहे. फक्त टाकलं की आधीचं सगळं पुसलं जातं, चालेल ना?" मला तेच तर हवं होतं. आधीचं म्हणजे मल्हारीनं पाच वर्षांपूर्वी माझ्या गाडीत भरलेले आकडे. मी सही केली, चहा घेतला आणि काचेपलीकडे बघत बसलो. एक मेकॅनिक दार उघडून स्टिअरिंगखाली वाकला, त्याच्या हातात केबल होती. तेवढ्यात फोन वाजला. मल्हारीची मुलगी तुळसा बोलत होती. "काका, अण्णा गेले... चहा पिऊन राह्यले होते, कप खाली ठेवला आन गेले." एवढंच आठवतं की मी काचेवर दोन्ही हात आपटून "थांबा! थांबा!" असा ओरडलो आणि सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. त्या मेकॅनिकनं केबल लावलेली नव्हती. सही केलेला कागद मी काउंटरवरून उचलून खिशात घातला आणि त्याच गाडीनं जालन्याला गेलो.

मल्हारीचं काम काय होतं, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. हल्लीच्या डिझेल गाडीत वहीएवढी एक धातूची डबी असते. इंजिनाला कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचं, हे ती ठरवते. ती ठरवते म्हणजे तिच्यात आकड्यांचे तक्ते भरलेले असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला चालवणाऱ्यानं पाय किती दाबला ते, आणि जिथे दोन्ही भेटतात त्या चौकटीत डिझेलचं माप. कंपनी थंड मुलखातल्या गाडीलाही तोच तक्ता देते आणि आमच्या मे महिन्यातल्या फुफाट्यालाही तोच. मल्हारी हे तक्ते डबीतून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा, गाडीवाल्याच्या गरजेप्रमाणे आकडे बदलायचा आणि परत भरायचा. एका पान्यालाही हात न लावता गाडी हलकी होऊन पळायला लागायची. या सगळ्याला तो "पाढे बदलणं" म्हणायचा. गाडीचा पिकअप वाढवून देतो म्हणून गावातले लोक त्याला पिकअपवाला मल्हारी म्हणत, आणि ते नाव त्याला अजिबात आवडत नसे.

आमची ओळख मात्र गाड्यांच्या कितीतरी आधीची. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी परतूरजवळच्या आमच्या खेड्यातून कॉलेजसाठी जालन्याला आल्यावर मस्तगडात एक खोली घेतली होती. खाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यात आयटीआय झालेला, माझ्याच वयाचा एक काळासावळा पोरगा कामाला होता. माझा रेडिओ खरखर करायला लागला म्हणून मी तो खाली नेला. त्यानं झाकण उघडलं नाही. कान लावून तो रेडिओ नुसता ऐकत राहिला, पाचेक मिनिटं. मी म्हटलं, "अरे बाबा, गाणी ऐकायला आणला का मी?" तो शांतपणे म्हणाला, "जल्दी हाये का? मंग दुसरीकडं न्या." मला राग आला, कारण राग माझ्या नाकावरच असतो, घरचे अजूनही म्हणतात. पण दुसरीकडे गेलो नाही. संध्याकाळी रेडिओ घेऊन तो स्वतःच जिना चढून वर आला, आणि त्या दिवसापासून जेवायलाच यायला लागला. माझ्या मायनं गावाकडून पाठवलेल्या डब्यात त्याचा वाटा ठरून गेला. पुढे तर माय डब्यात भाकरीच दोघांपुरत्या घालायची.

त्याचे वडील घनसावंगीकडच्या एका वाडीवर मेंढरं राखत. वर्षातले आठ महिने ते बाहेर असत, त्यामुळे मल्हारीला बाप म्हणजे पाठमोरा चालणारा माणूस एवढंच लहानपणी ठाऊक होतं, असं तो सांगायचा. मी शिकलो, परतूरला हायस्कूलवर गणिताचा मास्तर झालो. तो रेडिओवरून टीव्हीवर गेला, टीव्हीवरून मोटारीच्या वायरिंगवर, आणि दोन हजार साल उलटल्यावर या नव्या डिझेल गाड्यांच्या डबीपाशी येऊन पोहोचला. जुना लॅपटॉप त्यानं मुंबईहून कुणाकडून तरी आणवला होता. एका रविवारी तो घेऊन तो माझ्या घरी हजर झाला. "मास्तर, हे कसले आकडे हायेत? मधूनच अक्षरं येऊन राह्यलीत." पडद्यावर आकड्यांचं रान माजलं होतं. दहाच्या ऐवजी सोळावर मोजायची ही पद्धत मला कॉलेजात कधीतरी शिकवली होती, पण दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला ती कशी सांगावी, कळेना. शेवटी मी म्हटलं, "तुझे वडील आण्यांत हिशेब करायचे ना? सोळा आण्यांचा रुपया? तसंच आहे. नऊपर्यंत आकडे, मग ए म्हणजे दहा आणे, बी म्हणजे अकरा, एफ म्हणजे पंधरा आणे. सोळावा आणा आला की रुपया झाला, पुढच्या घरात एक." तो खदाखदा हसला आणि म्हणाला, "म्हंजी गोऱ्या लोकानं आपल्याच आण्यावर गाड्या चालवल्या का!" त्या एका दुपारी तो सगळं शिकला. मी आयुष्यात हजारो पोरं शिकवली, पण इतकं चटकन कुणाला काही समजलेलं मी पाहिलं नाही, आणि त्याचा गुरू म्हणवून घ्यायला मला फार आवडायचं.

पहिली गाडी मात्र आम्ही दोघांनी मिळून मारली. एका बियाणे व्यापाऱ्याची होती. मल्हारीनं आकडे बदलले, भरले, किल्ली फिरवली आणि गाडी ढिम्म. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही. तीन दिवस ती वर्कशॉपच्या दारात उभी. मालकाला घाई, लग्नाला जायचं होतं. तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोर बांधून गाडी ओढत घेऊन निघाला, पुढे ट्रॅक्टर, मागे नवीकोरी गाडी, बाजूनं मल्हारी चालत. मी शाळेतून थेट जालन्याला गेलो. तेव्हा सहामाहीचे गुणतक्ते माझ्या पिशवीतच होते. प्रत्येक रकान्याखाली बेरीज लिहायची आणि ती जुळली नाही की हेडमास्तर तक्ता परत करायचे. एकाएकी माझ्या डोक्यात आलं, या तक्त्याच्या शेवटीही कुणी बेरीज लिहून ठेवली असेल का? आम्ही सगळे आकडे मिळवत बसलो. शेवटच्या घरात खरंच बेरीज होती! आतले आकडे बदलले होते, बेरीज जुनीच राहिली होती, आणि डबीनं आमचा तक्ता नापास करून टाकला होता. बेरीज दुरुस्त केली, व्यापाऱ्याच्या दारी जाऊन तक्ता पुन्हा भरला आणि गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. त्या आनंदात मल्हारीनं मला उचललं होतं. मी तेव्हाही चांगला जाडजूड होतो.

त्यानंतर त्याच्याकडे रांग लागली. पण त्याची एक पद्धत होती, तिच्यावरून गिऱ्हाइकं चिडायची. वर्कशॉपमध्ये बसायला खुर्च्या नव्हत्या, एका मोडीत निघालेल्या जीपचं मागचं सीट काढून भिंतीला लावलेलं होतं. गिऱ्हाइकाला तो त्यावर बसवायचा आणि गाडी किती पळवायची हे विचारायच्या आधी विचारायचा, "मागं कोण बसतं?" कुणाचा माल, कुणाची पोरं, कुणाची पोटुशी सून. ते वहीत लिहून घ्यायचा. आकडे भरून झाले की शेवटची चाचणी मालकाला घेऊन कधीच करायचा नाही. मागे बसणाऱ्या माणसाला घेऊन जायचा, मालकानं वर्कशॉपमध्ये थांबायचं. परत आल्यावर त्या माणसाला विचारायचा, "बराबर हाये का?" त्यानं किंवा तिनं "बराबर हाये" म्हटलं, तरच काम झालं. नाहीतर लॅपटॉप पुन्हा उघडायचा. मी एकदा हसून विचारलं होतं, हे काय खूळ? तेव्हा म्हणाला, "बाप सांगायचा, कळपाची चाल म्होरल्या एडक्यावर न्हाई ठरत. मागं लंगडी मेंढी असती, तिच्यावर ठरती." एवढंच बोलून तो पुन्हा कामाला लागला.

मीही गाडी घेतली. मास्तरकीत गाडी घेणं म्हणजे काय ते मास्तरांनाच ठाऊक. मायला हौस होती, दर महिन्याला जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जायची, आणि एसटीतून जाणं तिला आता होत नव्हतं. जांबची पहिली खेप झाली आणि मी गाडी मल्हारीकडे टाकली. म्हटलं, पाढे असे बदल की परतूरच्या रस्त्यावर माझ्यापुढे कुणी दिसायला नको. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "कोण बसणार, माय बसते." त्यानं लिहून घेतलं. चार दिवसांनी तो स्वतः गाडी घेऊन परतूरला आला आणि ओसरीवर बसलेल्या मायला म्हणाला, "माय, चल. जांबला जाऊन येऊ." मी चप्पल घालायला लागलो तर मला अडवलं. "तू थांब मास्तर. तू बसलास की माय खरं बोलणार न्हाई." दीड तासात यायला हवे होते, चार तास लागले. दोघं हसत हसत आले, मायच्या हातात प्रसादाची पुडी. मी म्हटलं, चाचणी घेत होता की प्रवचन ऐकत होता? माय पायरी चढता चढता म्हणाली, "बराबर हाये बाबा गाडी. बिलकुल बराबर." मल्हारीनं मूळ तक्त्याची सीडी पाकिटात घालून मला दिली. मूळ ज्याचं त्याला परत, हाही त्याचा नियम होता.

आता जे सांगायचं ते सांगतो. वर्षभरानंतरची गोष्ट. आमच्या बाजारातल्या एका अडत्यानं माझ्याच मॉडेलची, माझ्याच रंगाची गाडी घेतली आणि मल्हारीकडूनच पाढे बदलून आणले. एकदा कालव्याच्या पुलाच्या चढावर तो मागून आला. मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. माझ्या गाडीनं दम घेतला, अगदी सावकाश ओढ धरली, आणि तो हात दाखवून झर्रकन पुढे निघून गेला. गाडीत माझे दोन सहकारी होते, ते खोखो हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांपर्यंत बातमी गेली. मी शनिवारी तडक जालन्याला. वर्कशॉपमध्ये दोन ड्रायव्हर बसलेले होते आणि नेमका तो अडत्याही. मल्हारी म्हणाला, "बस." मी बसलो नाही.

"माझ्या गाडीत काय भरलंस?" मी विचारलं.

"तुझी गाडी बराबर हाये."

"मग याची कशी पळते?"

"त्याच्या मागं सरकीची पोती बसत्यात," असं म्हणून तो हसला. ड्रायव्हरही हसले. त्याला काही वेगळं सांगायचं असेल, अशी शंकाही मला आली नाही. मला फक्त हसणं ऐकू आलं. आणि मी म्हणालो... तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला, चार लोकांसमोर म्हणालो, "शेवटी मेंढरं हाकणाऱ्याचाच ना तू. मेंढराच्याच चालीनं चालायला लावणार."

मल्हारीनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "तसंच समज, मास्तर," म्हणाला आणि पडद्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, भांडून मिटलंही असतं. मी घरी आलो. रस्ताभर स्वतःला समजावत होतो की त्यानं माझ्याशी दगा केला, मित्राला अर्धं काम दिलं. मायनं विचारलं, मल्हारी येत कसा न्हाई? मी सांगितलं, कामात आहे. सीडी कपाटात होती, मूळ तक्ता परत भरून घ्यावा असं दहादा वाटलं. पण ते भरायलाही त्याच्याचकडे जावं लागलं असतं, ही माझी पंचाईत. माय होती तोवर दर महिन्याला तिला घेऊन मी जांबला जात होतो आणि दर खेपेला कालव्याच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी दम घ्यायची. मी मनातल्या मनात त्याला शिवी द्यायचो. मागच्या सीटवर माय माळ ओढत असायची.

माय गेली गेल्या वर्षी. तेराव्याला मल्हारी आला होता. मांडवाच्या कडेला उभा राहिला, जेवला नाही, मायच्या फोटोपुढे बराच वेळ बसला. निघताना माझ्याजवळ आला आणि खाली बघत म्हणाला, "मास्तर, एकदा गाडी घेऊन ये. दोन आकडे बदलायचे राह्यलेत." मी म्हटलं, "बघू." तेराव्याच्या दिवशी गाडीचं काय बोलतो हा, असं वाटलं. खरं तर त्यानं तेवढा एक धागा पुढे केला होता आणि मला तो धरायचा नव्हता, कारण धरला असता तर आधी माफी मागावी लागली असती. मला तोंडातून शब्द काढणं जड जातं, आणि वर्गात तर मी दिवसभर बोलतच असतो. सहा महिने गेले. मग सर्व्हिस सेंटरचं पत्र आलं, नवीन सॉफ्टवेअर फुकट. मला बरं वाटलं. त्याच्याकडे न जाता त्याला मोडून काढायची सोय झाली होती.

अंत्ययात्रेत मी मागेच राहिलो. पुढे व्हायचा मला अधिकार नव्हता. वहिनींनी मला पाहिलं आणि नुसतं म्हणाल्या, "लै उशीर केला भावजी." त्या रागानं म्हणाल्या नाहीत, पण मला ते अजून ऐकू येतं.

महिन्यानं तुळसाचा फोन आला. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला आहे, आणि गेली काही वर्षं बापाच्या जोडीनं तीच काम बघत होती. "काका, अण्णांच्या वह्या लावून राह्यले. तुमचं पान सापडलं. येऊन पाहा." मी गेलो. वर्कशॉप तसंच होतं, टेबलावर मीटर, खिळ्याला केबलींची गुंडाळी, भिंतीला जीपचं सीट. या वेळी मी त्यावर बसलो. तुळसानं वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली. मल्हारीचं अक्षर मला परिचयाचं, सगळ्या रेघा उजवीकडे उतरत जाणारं. लिहिलं होतं:

"परतूर मास्तर. मागं माय. मणका दुखतो, दुसऱ्या गिअरात टर्बोचा झटका बसला की डोळ्यात पाणी येतं. सोळाशे ते एकवीसशे फेऱ्यात हळू सोडणे. जांबच्या रस्त्यात सात वेळा आकडे बदलले, सातव्याला बराबर म्हणाली. मास्तरला सांगायचं न्हाई. त्याला गाडीची लै हौस, म्हातारीमुळं ढिली झाली वाटंल, अन् कळलं तर मला न्यायचंच बंद करल, म्हणाली. मायला शब्द दिला."

खाली, वेगळ्या शाईत, अलीकडची ओळ होती. "माय गेली. आता मास्तरची गाडी मोकळी करून देणे. तो आला की."

... तो आला की.

मला आठवलं, गाडी घेतल्यावर पहिल्या खेपेला जांबहून आल्यानंतर माय दोन दिवस अंथरुणावर होती. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाचं झालं. मी मान हलवली आणि गाडी पुसायला गेलो. पोटच्या पोराला जे दिसलं नाही ते त्यानं चार तासांत विचारून घेतलं, आणि मी चार लोकांत त्याचा बाप काढला तेव्हाही त्यानं तोंड उघडलं नाही. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं त्याला. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकं होती, तरी मी रडलो, पन्नाशी उलटलेला मास्तर जीपच्या सीटवर बसून पोरासारखा रडलो. तुळसानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली. बापाचंच वळण आहे तिला.

जरा वेळानं ती म्हणाली, "काका, अण्णांनी मोकळी फाइल बनवून ठेवल्ती. हाये माझ्याकडं. दहा मिनिटांचं काम हाये, टाकून देऊ का?" तिनं केबल हातात घेतलीही होती. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "अडत्याच्या गाडीपेक्षा जास्त पळंल." तिला ती गोष्ट ठाऊक होती तर... मी पुन्हा म्हटलं, "नको गं. आहे तेच राहू दे. तुझ्या बापाचा हात आहे त्यात, आणि माझ्या मायची पाठ." तिनं केबल खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "मंग अण्णांच्या पद्धतीनं एकदा चालवून तरी पाहू. तुम्ही मागं बसा."

पाच वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर एकदाही बसलो नव्हतो. डाव्या बाजूला बसलो, मायच्या जागेवर. कव्हरला तिच्या तपकिरीचा वास अजून होता, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. तुळसानं आरसा सारखा केला, गाडी काढली, गर्दीतून नेली आणि गावाबाहेरच्या पुलाच्या चढाला लावली. दुसरा गिअर टाकून तिनं पाय पूर्ण दाबला. मी सवयीनं दात आवळले, आता दम घेईल म्हणून. आणि मागे बसल्यावर मला कळलं, दम वगैरे काही नव्हता. पाठीला झटका बसला नाही, मान हलली नाही, कुणीतरी हाताला धरून सावकाश उठवावं तशी गाडी वर निघाली. इतकी वर्षं मी ज्याला शिवी देत होतो, ते मागून असं होतं. आणि तिथे, त्या सीटवर, मला दोघांचीही इतकी आठवण आली की काय सांगू. माझ्या मायची, आणि तिचं ऐकणाऱ्या त्या माणसाची. तो पुढे बसलेला असावा, आरशातून माझ्याकडे बघत असावा, एवढंच वाटत राहिलं.

सर्व्हिस सेंटरमधून अधूनमधून फोन येतो, सर, तुमचं अपडेट राहिलंय. मी सांगतो, राहू द्या. सही केलेला तो कागद मल्हारीच्या वहीत, माझ्याच पानावर ठेवायला दिला आहे.

त्या दिवशी चढ संपत आला तेव्हा तुळसानं आरशात पाहिलं. बापासारखंच, मान न वळवता तिनं विचारलं, "काका, बराबर हाये का?"

उत्तर येईपर्यंत गाडी तिनं दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवली.

"बराबर हाये," मी म्हणालो. मग तिनं तिसरा टाकला.